पार्किंगखालची ड्रेनेज लाइन : खोदण्याआधी कॅमेरा घालून पाहावा का?

विश्रामबागकर

नमस्कार. सांगलीच्या विश्रामबाग भागात आमच्या गृहनिर्माण संस्थेची तीन मजली जुनी इमारत आहे. सर्व सदनिकांचे मैलापाणी इमारतीच्या मागच्या बाजूला एका चेंबरमध्ये एकत्र येते, तेथून सहा इंची लाइनमधून पार्किंगखालून पुढच्या फाटकापर्यंत जाते आणि फाटकाबाहेर सार्वजनिक ड्रेनेजला मिळते. लाइन इमारत बांधली तेव्हाची, म्हणजे स्टोनवेअरच्या (भाजलेल्या मातीच्या) तपकिरी, चकचकीत पाइपांची आहे. मागचे चेंबर ते फाटकाजवळचे चेंबर हे अंतर सुमारे २४ मीटर आहे.

पावसाळा लागला की तळमजल्यावरच्या दोन घरांत नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघराच्या जाळीखालच्या वळणातून, पाणी उलटे येते. उन्हाळ्यात ही तक्रार क्वचितच होते. दर वेळी आम्ही पट्टी मारणारी, म्हणजे लाइनीत लवचीक पट्टी सारून तुंबलेले मोकळे करणारी, माणसे बोलावतो, लाइन मोकळी होते आणि पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा तेच घडते. आता एका ठेकेदाराने सांगितले आहे की संपूर्ण लाइन बसली आहे, तेव्हा पार्किंगचे पेव्हर ब्लॉक काढून सगळी लाइन उकरावी आणि पीव्हीसीची नवी टाकावी. खर्चाचा आकडा पाहून संस्थेच्या सभेत दोन तट पडले. काही सभासदांचे म्हणणे असे की, खोदण्याआधी लाइनमध्ये कॅमेरा घालून पाहावा. सहा इंची जुन्या लाइनमध्ये तो नीट जातो का, त्यावरून दुरुस्तीचा निर्णय घेता येतो का, आणि दाखवणाऱ्याने दाखवलेले चित्र आम्हाला समजणार कसे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

जलनिःसारण

कॅमेऱ्याकडे जाण्याआधी झाकणे उघडा. त्याला काहीही खर्च नाही. पुढच्या वेळी पाणी उलटे येईल तेव्हा पट्टी मारणाऱ्यांना बोलावण्यापूर्वी फाटकाजवळच्या चेंबरचे झाकण उचलून आत पाणी किती उभे आहे ते पाहा. ते चेंबर रिकामे असेल आणि मागचे भरलेले असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मधल्या २४ मीटरमध्ये आहे. फाटकाजवळचेही काठोकाठ भरलेले असेल, तर दोष तुमच्या पार्किंगखाली नाही. तो फाटकाच्या पुढे आहे, आणि पार्किंग उकरून तुमच्या पदरात नव्या पाइपाखेरीज काहीही पडणार नाही. पुष्कळदा हे एवढे पाहिल्यावरच निम्मे निदान होते, आणि नेमके हेच कोणी पाहत नाही, कारण पाणी तुंबलेले असताना सर्वांना घाई असते आणि ते उतरल्यावर झाकण उचलायचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. सहा इंची लाइनला साठास एक, म्हणजे साठ मीटर लांबीला एक मीटर, हा उतार ढोबळ मानाने धरतात. चार इंचीला चाळीसास एक. या हिशेबाने तुमच्या २४ मीटरच्या लाइनीत मागच्या चेंबरच्या तळापेक्षा पुढच्याचा तळ सुमारे ४० सेंटिमीटर खाली असायला हवा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन्ही तळांतला फरक मोजून ठेवा. कॅमेरा हा फरक सांगत नाही. त्याला पाइपाच्या आतली स्थिती दिसते. पाइप किती ढाळावर टाकला आहे ते फक्त साचलेल्या पाण्यावरून अप्रत्यक्षपणे कळते.

या दोन गोष्टी झाल्यावर कॅमेरा जरूर घाला, आणि तोपर्यंत खोदकामाचा कोणताही करार करू नका.

नळकाम मिरज

मी या कामात आहे, त्यामुळे यंत्राबद्दल लिहितो. सहा इंची लाइनीसाठी दोन प्रकारचे कॅमेरे चालतात. एक ढकलायचा असतो : काचतंतूच्या लवचीक दांडीच्या टोकाला कॅमेऱ्याचे डोके, भोवती एलईडी दिवे, आणि हाताने पुढे सारायची दांडी गुंडाळलेले रीळ. दुसरा चाकांवर स्वतः चालणारा असतो. तो साधारण १५० मिलिमीटरपासून पुढच्या लाइनींत वापरतात, पण त्याला उतरवायला चेंबर ऐसपैस लागते. तुमच्या २४ मीटरला ढकलायचा कॅमेरा पुरेसा आहे. तो चेंबरमधून घालावा. शौचालयाच्या भांड्यातून किंवा नहाणी ट्रॅपमधून घालण्याचा आग्रह धरू नका, कारण ट्रॅपच्या वळणात डोके अडकते आणि मग भांडे उखडावे लागते.

कॅमेरा घालण्याच्या आधी लाइन धुतलेली असणे अत्यावश्यक आहे. जेटिंग मशीनने, म्हणजे उच्च दाबाच्या पाण्याच्या नळीने, चरबी, गाळ आणि चिकटलेला मैला सुटला पाहिजे. घाण पाण्याने भरलेल्या लाइनीत कॅमेरा घातला, तर पडद्यावर तपकिरी धुके दिसते आणि पैसे वाया जातात. गाळ तळाशी राहिला, तर वरचा अर्धा पाइप स्वच्छ दिसतो आणि खालच्या अर्ध्याबद्दल काहीच कळत नाही. दोष तर बहुधा तळाशीच असतो. काही जण आधी कॅमेरा घालून तुंबारा दाखवतात आणि लगेच खोदाईचे दरपत्रक पुढे करतात. धुण्याआधीचे चित्र अडथळा दाखवते. त्यावरून पाइप कसा आहे हे ठरवता येत नाही. शक्य असेल तर दोन्ही वेळचे चित्रण मागा.

जेटिंगबाबत एक सावधगिरी. जुन्या स्टोनवेअरला आधीच तडे असतील, तर जास्त दाबाने तुकडा निसटू शकतो. लाइन कशाची आहे हे जेटिंगवाल्याला आधी सांगा आणि दाब कमी ठेवायला सांगा.

गावभागकर

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, परंतु त्याचे जे स्तोम हल्ली माजवले जाते त्याबद्दल शंका आहे. आमच्या वडिलांच्या वेळी नवी लाइन तपासायला एका चेंबरमध्ये आरसा आणि दुसऱ्यात दिवा धरत. दिव्याचे पूर्ण वर्तुळ आरशात दिसले की लाइन सरळ. पाइपाच्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान असा गुळगुळीत चेंडू वरच्या तोंडातून सोडत. तो गडगडत खाली आला की आत सांध्यातल्या सिमेंटच्या मसाल्याचा उंचवटा नाही, हे कळे. हे काम कोणीही करू शकतो.

शिवाय सांगलीत निम्म्या तक्रारींचे मूळ नदीत आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की सखल भागातल्या नाल्यांची तोंडे दबतात आणि गटारे पुढे वाहीनाशी होतात. २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा पाणी आले ते दारातून नव्हे, मोरीतून. अशा वेळी लाइनीत सोन्याचे पाइप असले तरी पाणी मागेच येणार. विश्रामबाग उंचावर आहे हे खरे. पण आपण पावसाळ्यातच तक्रार होते असे लिहिले आहे, म्हणून हा मुद्दा मांडला.

जलनिःसारण

गावभागकरांचे दोन्ही मुद्दे योग्य आहेत, आणि म्हणूनच मी आधी झाकणे उघडायला सांगितले. नदीचा दाब असेल तर रस्त्यातील चेंबरही भरलेले दिसेल, आणि आयर्विन पुलाची पातळी व आपली तक्रार यांच्या तारखा जुळतील. आमच्याकडे नदी २० फुटांवर असताना एखादा तासभर कोसळलेला पाऊसही मोऱ्या उलट्या करतो, तेव्हा कारण वेगळे असते.

आरसा आणि चेंडू या चाचण्या दोन चेंबरमधली लाइन एका रेषेत आणि रिकामी असेल तर उत्तम आहेत. परंतु आरशात लाइन वाकडी आहे एवढेच कळते. कितव्या मीटरवर आणि कशामुळे, ते कळत नाही. चेंडू अडकला तर तो कशात अडकला हे शोधायला पुन्हा खोदावे लागते. पार्किंगखालच्या जुन्या लाइनीच्या बाबतीत नेमका आकडा हाच पैशाचा प्रश्न आहे : चोवीस मीटर उकरायचे की चार.

पाणकळा

एक प्रश्न विचारते. गच्चीचे पावसाळी पाइप कोठे सोडले आहेत? मी कुपवडला राहते. आमच्या इमारतीत गच्चीचे दोन पाइप मागच्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे मैलापाण्याच्या लाइनीला जोडलेल्या जाळीच्या खड्ड्यात, सोडलेले होते आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते, कारण जमिनीजवळ ते लादीखाली शिरत होते. घरांतून येणारे मैलापाणी दिवसभर थोडे थोडे येते. गच्चीवरचे पाणी तासाभरात एकदम येते. १०० चौरस मीटर गच्चीवर एका तासात ३० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ३००० लिटर होते. लाइनीत थोडासाही दोष असेल तर उन्हाळ्यात तो निभावून जातो आणि जूनमध्ये उघडा पडतो. कॅमेरा फाटकाच्या लाइनीतून फिरवला तर ही जोडणी दिसणारच नाही. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट बादलीत विरघळवून गच्चीच्या पाइपात ओता आणि खाली कोणत्या चेंबरमध्ये गुलाबी पाणी येते ते पाहा.

दुसरे असे की, चेंबर पाहण्यासाठी किंवा साफ करण्यासाठी माणूस आत उतरवण्याचा प्रस्ताव कोणी आणला तर सभेने तो ठामपणे नाकारावा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षक साधने आणि पुरेशी खबरदारी न पुरवता कोणालाही गटारात वा मैलाटाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ही बंदी पालिकांइतकीच खासगी व्यक्तींनाही लागू आहे. गटारातील मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. हायड्रोजन सल्फाइड वायूचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे "वास येत नाही, उतरायला हरकत नाही" हा अंदाज जीवघेणा ठरतो. कॅमेऱ्याचा हा उपयोग मला पैशाच्या बचतीहून मोठा वाटतो.

विश्रामबागकर

आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. परवाच्या पावसात मागचे चेंबर भरले तेव्हा फाटकाजवळच्या चेंबरमध्ये तळाशी पाणी नेहमीसारखे वाहत होते, म्हणजे अडथळा मधल्या लाइनीतच आहे. पारदर्शक नळीने मोजले तेव्हा दोन्ही तळांतला फरक ३४ सेंटिमीटर आला. पाणकळाताईंचा अंदाजही खरा ठरला : गच्चीच्या मागच्या बाजूच्या दोन पाइपांत रंगीत पाणी ओतले आणि ते मागच्या मैलापाण्याच्या चेंबरमध्येच उतरले.

अडचण एकच आहे. मूळ नकाशाप्रमाणे पार्किंगच्या मध्यावर आणखी एक चेंबर असायला हवे, पण पेव्हर ब्लॉक बसवताना ते बहुधा गाडले गेले आणि आता सापडत नाही.

जलनिःसारण

२४ मीटरला ३४ सेंटिमीटर म्हणजे सुमारे सत्तरास एक. जुन्या लाइनीसाठी हा उतार वाईट नाही. संपूर्ण लाइन बसली असती, तर एवढा फरक शिल्लक राहिलाच नसता, असे मी म्हणणार नाही, कारण दोन्ही टोके जागेवर राहून मधला भाग खचू शकतो. पण संपूर्ण लाइन निकामी आहे या विधानाला या मापाने आधार मिळत नाही. एखाद्या ठिकाणी पोट आले असावे, म्हणजे पाइप मध्येच खाली झोळला असावा.

नळकाम मिरज

गाडलेले चेंबर शोधायला कॅमेऱ्याच्या डोक्यातला लहान प्रेषक उपयोगी पडतो. तो बहुधा ५१२ हर्ट्झवर संकेत सोडतो आणि वर जमिनीवर तो संकेत पकडणारे ग्राहक यंत्र फिरवले की डोके कोठे आहे आणि किती खोल आहे ते कळते. कॅमेरा आत शिरत असताना पाइपाचे वर्तुळ एकदम रुंद झाले आणि भिंती विटांच्या दिसू लागल्या की ते चेंबर. तेथे थांबून वर खूण करायची. पार्किंगमध्ये सळ्यांची जाळी घातलेले काँक्रीट असेल तर संकेत भरकटू शकतो, म्हणून दांडीवरचे अंतर आणि ग्राहक यंत्राची खूण या दोन्ही गोष्टी जुळवून पाहाव्यात.

अंतराच्या आकड्याबाबत पुष्कळ घोटाळे होतात. शून्य कोठे धरले हे विचारा. काही जण चेंबरच्या काठावर शून्य धरतात, काही पाइपाच्या तोंडाशी. चेंबर मीटरभर खोल असेल तर खोदाईची जागा तेवढीच चुकते. शून्य पाइपाच्या तोंडाशी धरायला सांगा आणि ते चित्रणात बोलून नोंदवायला सांगा.

विश्रामबागकर

तपासणी झाली. आदल्या दिवशी जेटिंग करून घेतले आणि चित्रणाची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. त्यात दिसलेल्या गोष्टी क्रमाने लिहितो. अंतरे मागच्या चेंबरमधील पाइपाच्या तोंडापासून आहेत.

सुरुवातीचे नऊ मीटर पाइप कोरडा, स्वच्छ आणि सांधे घट्ट दिसतात. ९.४ मीटरपासून तळाशी पाणी दिसू लागते, हळूहळू वाढून ११ मीटरच्या आसपास पाइपाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत येते आणि १३ मीटरवर संपते. गाडलेले चेंबर १४.२ मीटरवर सापडले. वर पेव्हरवर खूण केली आहे. १६.८ मीटरवर एका सांध्यात पुढचा पाइप किंचित खाली सरकलेला आहे आणि वरच्या बाजूने बारीक मुळ्यांचा झुपका लोंबतो आहे. त्याच जागी कुंपणालगत अशोकाच्या झाडांची रांग आहे. त्यापुढे फाटकापर्यंत काही नाही.

मात्र तपासणाऱ्या गृहस्थांनी एक वेगळेच निदान केले. ९ ते १३ मीटरच्या टप्प्यात पाइपाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एक काळी रेघ लांबवर जाताना दिसते. ती त्यांनी लांबट चीर म्हणून दाखवली आणि "पाइप दोन्ही बाजूंनी फुटला आहे, पूर्ण बदला" असे सांगितले. आमच्यापैकी कोणालाही त्याचा खरेखोटेपणा ठरवता आला नाही. शिवाय काही भागांत पाणी चित्रात तिरके, एका बाजूच्या भिंतीवर दिसते, त्याचाही उलगडा झाला नाही.

जलनिःसारण

तिरक्या पाण्याचे आधी सांगतो. काही कॅमेऱ्यांचे डोके आपोआप सरळ राहते, काहींचे राहत नाही. दांडीला पीळ बसला की चित्र फिरते. पाइपातले साचलेले पाणी परातीतल्या पाण्यासारखे सपाटच असते, तेव्हा पाणी जेथे दिसते ती खालची बाजू धरून चित्र मनातल्या मनात फिरवून वाचायचे. परदेशात दोषांची जागा घड्याळाच्या काट्यांनी नोंदवतात : माथा म्हणजे १२, तळ म्हणजे ६. ब्रिटनमध्ये अशा नोंदींची पद्धत १९८० च्या सुमारास पुस्तकरूपाने ठरवली गेली आणि दोषांना १ ते ५ अशा श्रेणी देतात. पाचवी श्रेणी म्हणजे पाइप कोसळलेला किंवा कोसळण्याच्या बेतात. आपल्याकडच्या लहान कामांत इतके कोणी करत नाही, पण प्रत्येक दोषापुढे अंतर, घड्याळातली जागा आणि एक स्थिरचित्र एवढे मागण्यात गैर काही नाही.

आता रेघेविषयी. स्टोनवेअरसारखा कठीण पाइप वरच्या भाराने फुटतो तेव्हा चिरा खरोखरच १२, ३, ६ आणि ९ या चार जागी पडतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना रेघ आहे एवढ्यावरून त्यांचा तर्क हास्यास्पद ठरत नाही. परंतु तुमच्या वर्णनात १२ वर चीर नाही, आणि रेघ नेमकी तेवढ्याच टप्प्यात आहे जेथे पाणी साचते. साचलेल्या पाण्याच्या कडेला चरबी आणि शेवाळाची रेघ धरतेच. दोहोंतला फरक ओळखायची युक्ती अशी : चीर पाइपाबरोबर चालते, म्हणजे ३ वर सुरू झाली तर साधारण ३ वरच राहते, पाण्याची रेघ पाण्याच्या पातळीबरोबर चालते, म्हणून पोटाच्या मध्यावर ती पाइपाच्या भिंतीवर उंच दिसते आणि दोन्ही टोकांकडे ती तळाकडे उतरते. चित्रण पुन्हा पाहा आणि ९.५, ११ आणि १२.५ मीटरवर रेघ घड्याळात कोठे आहे ते लिहा. तरीही शंका राहिली तर तेवढ्या भागात पुन्हा जेटिंग करा; चरबीची रेघ पुसट होते, चीर तशीच राहते.

विश्रामबागकर

९.५ मीटरवर दोन्ही रेघा तळाला जवळजवळ चिकटलेल्या, अंदाजे ५ आणि ७ वर आहेत. ११ मीटरवर त्या ४ आणि ८ च्या आसपास आहेत, आणि १२.५ वर पुन्हा खाली आहेत.

जलनिःसारण

मग ती पाण्याची रेघ आहे. या टप्प्यातला पाइप फुटलेला नाही, बसलेला आहे.

पण तो तेथेच का बसला, याचे उत्तर चित्रणात मिळणार नाही. १० ते १२ मीटरच्या दरम्यान वर किंवा शेजारी काय आहे? नंतर कधी काही खोदले गेले का?

विश्रामबागकर

संस्थेची जमिनीखालची पाण्याची टाकी त्याच जागी, लाइनीपासून दीड मीटरवर आहे. ती इमारतीनंतर काही वर्षांनी बांधली. जुन्या सभासदांना विचारले असता, टाकीभोवतीचा खड्डा निघालेल्या मातीनेच भरला होता असे ते सांगतात.

नळकाम मिरज

मग कारण सापडले असे समजा. सांगली-मिरजेची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तीच माती धुम्मस न करता, म्हणजे ठोकून न दाबता, खड्ड्यात परत टाकली की दोन-तीन पावसाळ्यांत बसते आणि शेजारच्या लाइनीखालचा आधार काढून नेते. स्टोनवेअरचा पाइप सुमारे दोन फुटी तुकड्यांचा, सांधे डांबरी सुतळी आणि सिमेंटचे. तो थोडा बसला तर फुटत नाही, सांध्यांत वाकतो. मुळ्याही सिमेंटच्या सांध्यातल्या केसाएवढ्या फटीतूनच शिरतात.

यावरून आठवले : मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडे, नाव सांगत नाही, लाइन सारखी तुंबत होती. पट्टी मारली की चार दिवस बरे. कॅमेरा घातला तर पाइपाच्या माथ्यातून आडवी नळी गेलेली. जमिनीखालून ड्रिल करून केबल टाकणाऱ्यांनी ड्रेनेजच्या लाइनीला आरपार भोक पाडले होते. त्या नळीत विजेची केबल किंवा गॅस असता आणि आम्ही पट्टीचे कोयते फिरवले असते तर काय झाले असते, ते सांगायला नको. रस्त्यालगतच्या लाइनीत अचानक नव्याने तुंबारा सुरू झाला असेल आणि नुकतेच शेजारी ड्रिलिंग झाले असेल, तर आधी कॅमेरा, मग पट्टी.

गावभागकर

आता माझी शंका कॅमेऱ्यापेक्षा पुढच्या दुरुस्तीबद्दल आहे. पुण्या-मुंबईकडे न खोदता आतून अस्तर घालतात असे ऐकतो. राळेत भिजवलेली पिशवी पाइपात फुगवून कडक करतात. तसे करून पार्किंग वाचवता येईल का?

जलनिःसारण

तंत्र नवे नाही; १९७१ मध्ये लंडनमध्ये त्याचा पहिला वापर झाला. फुटलेल्या, गळक्या किंवा मुळ्या शिरलेल्या लाइनीसाठी ते उत्तम आहे, विशेषतः वर वर्दळीचा रस्ता असेल तर. परंतु अस्तर पाइपाचा आकार घेते. पाइपाला पोट असेल तर अस्तरालाही पोटच राहते. तुमच्या येथे मुख्य दोष बसलेला पाइप हाच आहे, म्हणून अस्तर घालून पैसे गेले तरी पाणी तेथेच साचत राहील. हा चार मीटरचा टप्पा उघडून बदलावाच लागेल.

१६.८ मीटरचा सरकलेला सांधा याच कामात उघडून नीट करता येईल. सगळे चोवीस मीटर उकरायला मात्र मला या चित्रणात कोठेही कारण दिसत नाही.

पाणकळा

गच्चीचे पाणी वेगळे काढण्याचे काम यात विसरले जाऊ नये, अशी विनंती. ते आधी करावे असेही मी सुचवेन. लाइन दुरुस्त केली आणि गच्चीचे पाणी तसेच राहिले, तर पहिल्या मोठ्या पावसात एखादे चेंबर भरेल आणि सभेत सर्वजण म्हणतील की कॅमेऱ्याचे पैसे फुकट गेले. फाटकाजवळच्या चेंबरमध्ये उलट पाणी अडवणारा फ्लॅप बसवण्याची सूचना कोणी करील. तुमच्या तपासणीत बाहेरचे पाणी मागे आलेले दिसले नाही, त्यामुळे आत्ता त्याची गरज वाटत नाही. तो बसवला आणि वेळोवेळी साफ केला नाही तर त्याच्यातच कपडा अडकून तुंबारा होतो.

विश्रामबागकर

सभेत हे सर्व मांडले. चित्रणाची प्रत प्रत्येक तटाच्या एका सभासदाला दिली, त्यामुळे वाद बराच कमी झाला. गच्चीचे पाइप दोन आठवड्यांत बाजूच्या पावसाळी गटाराकडे वळवायचे आणि नंतर ९ ते १३ मीटरचा टप्पा व १६.८ चा सांधा एवढेच काम करायचे ठरले. गाडलेले चेंबर पेव्हरच्या पातळीवर उचलून घेणार आहोत. नव्या टप्प्यासाठी पाइप कोणता घ्यावा आणि ठेकेदाराकडून काय लिहून घ्यावे, एवढे कृपया सांगावे.

नळकाम मिरज

जमिनीखालच्या ड्रेनेजसाठीचा यूपीव्हीसी पाइप, आयएस १५३२८ या भारतीय मानकाची छाप असलेला घ्या. भिंतीवर लावायचा एसडब्ल्यूआर पाइप स्वस्त म्हणून जमिनीखाली घालतात. गाड्यांच्या पार्किंगखाली तो घालू नये. जुन्या स्टोनवेअरशी जोडताना सिमेंट थापू नका, त्यासाठी रबराचे जोड मिळतात. खोदलेली काळी माती बाहेर काढा आणि पुन्हा वापरू नका. पाइपाखाली वाळूचा थर, बाजूंना आणि वर एक फुटापर्यंत वाळू हाताने नीट दाबून, त्यावर मुरूम थरांनी पाणी मारून धुम्मस केलेला. टाकीच्या बाजूचा भराव जेथे उघडा पडेल तेथेही मुरूमच घाला.

लिहून घ्यायची गोष्ट अशी की, भराव आणि धुम्मस पूर्ण झाल्यावर, पण पेव्हर ब्लॉक बसवण्याआधी, मागच्या चेंबरमधून बादलीभर पाणी सोडून पुन्हा तोच कॅमेरा फिरवायचा, शून्य त्याच जागी धरून. उघड्या खड्ड्यात लाइन सरळ दिसते आणि भराव दाबताना बसते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. ९ ते १३ मीटरमध्ये पाणी थांबलेले दिसले तर पुन्हा उघडायचे, आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल त्या चित्रणाची प्रत हातात आल्यावरच द्यायचे. ही अट करारात आधीच घाला. काम झाल्यावर मागितली तर वाद होतो.